ओलं मीठ तोलू नये

आमच्या कॉलेजात घरत मॅडमच्या समोर कुणी हातात काही धरून उभं राहत नसे. त्या रागावतील अशी भीती नव्हती, वस्तू हातातून जाईल ही खात्री होती. ऑफिसातले क्लार्क स्टेपलरशी झटापट करताना दिसले, की काउंटरवरून मॅडमचा हात पुढे यायचा. "आण इकडं!" पिन बसलेली असायची. कँटीनच्या काकूंना नारळ दाद देत नसला, की "आण इकडं!" आणि दोन सारखी भकलं काकूंच्या पुढ्यात. माझी जुनी स्कूटर पार्किंगमध्ये अडून बसली, तेव्हा मी नव्यानेच पनवेलला आलो होतो. दहा-बारा किका मारून घामाघूम झालो होतो. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख बाई पदर कमरेला खोचून आल्या, हँडल माझ्या हातातून काढून घेतलं, एक किक मारली आणि फुरफुरणारी स्कूटर मला परत देऊन वर्गावर निघून गेल्या. मी पुण्याचा. आमच्याकडे असं कुणी कुणाच्या हातातलं घेत नाही, आणि घेतलं तर परत देत नाही.

मॅडम चिरनेरच्या बाजूच्या. वडील मिठागरावर कामाला होते, आणि त्या घरातून कॉलेजात शिकायला बाहेर पडलेली ही पहिली मुलगी. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असायची. मनापासून काही बोलायचं असलं, की 'आम्ही'चं 'आमी' व्हायचं आणि 'नाही'चं 'नाय'. 'नाय' आलं, की समोरच्यानं वाद आवरता घ्यावा हे शहाणपण मी लवकर शिकलो.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो एका समितीमुळे. विद्यापीठानं एक योजना काढली होती. शिक्षकांनी शिकवण्यात काही सुधारणा सुचवायच्या, विद्यापीठ त्यासाठी अनुदान देणार. कुणी स्मार्ट बोर्ड आणले, कुणी व्हिडिओ केले, कुणी मुलांचे गट पाडले. सगळे प्रकल्प पार पडले, सगळ्यांचे फोटो निघाले, सगळ्यांचे अहवाल आले आणि सगळे यशस्वी झाले. इतकं यश बघून विद्यापीठात कुणाला तरी शंका आली असावी. या प्रकल्पांचा मुलांना खरोखर काय उपयोग झाला ते तपासायला समित्या नेमल्या गेल्या. आमच्या भागातल्या कॉलेजांसाठी अध्यक्ष घरत मॅडम, आणि आकडे बघायला संख्याशास्त्राचा साने, म्हणजे मी.

पहिल्याच बैठकीत मी लॅपटॉप उघडून म्हटलं, "प्रकल्पाआधीचे मार्क आणि प्रकल्पानंतरचे मार्क घेऊ. महिन्याभरात होईल."

"नाय," मॅडम म्हणाल्या.

मी लॅपटॉप थोडा मिटला.

"साने, माझा बापूस मिठाची रास लावली की लगेच तोलून द्यायचा नाय. व्यापारी घाई करायचा, तरी नाय. पाणी गळू दे म्हणायचा. ओल्या मिठाचं वजन खोटं. आज परीक्षा, काल शिकवलं, मार्क पडणारच. ते पाणी हाय. ते गळून गेल्यावर काय राहतं ते आपण तोलायचं."

त्यांची पद्धत अशी ठरली. प्रकल्प होऊन निदान वर्ष उलटलेलं असलं पाहिजे. त्या वेळची मुलं शोधायची, मग ती पुढच्या वर्गात असोत नाहीतर नोकरीला लागलेली. त्यांना मत विचारायचं नाही. जे शिकले ते करून दाखवायला सांगायचं. आणि शिकवणारा शिक्षक तेव्हा तिथे हजर नको. या कामाला महिना नव्हे, दीड वर्ष लागलं. विद्यापीठातून फोन यायचे, अहवाल कधी? मॅडम म्हणायच्या, "पाणी गळतंय." पलीकडच्या अधिकाऱ्याला वाटायचं आमच्या कॉलेजचं छप्पर गळतंय.

एका कॉलेजात स्मार्ट बोर्डाचा प्रकल्प होता. अहवालात 'नियमित वापर' असं ठळक लिहिलेलं. आम्ही गेलो तर बोर्डावर स्वच्छ धुतलेला पांढरा कपडा आणि कपड्यावर सुकलेल्या झेंडूची माळ. खंडेनवमीला त्याची पूजा झाली होती. मॅडमनी मुलांना सांगितलं, जरा चालू करून दाखवा. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पासवर्ड ज्या सरांना माहीत होता ते बदली होऊन गेले होते. मॅडमनी माळ अलगद उतरवली, कपड्याची घडी घातली आणि विचारलं, "मागच्या वर्षी पूजा केली होती?" प्राचार्य उत्साहाने म्हणाले, दरवर्षी करतो. "मग नियमित हाय," मॅडम म्हणाल्या. मला हसू आवरेना. त्या मात्र हसल्या नव्हत्या.  परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "त्या वर्गात पंखा नव्हता, बघितलात?"

दुसऱ्या एका ठिकाणी मुलांनी भरलेले अभिप्राय होते. प्रत्येक पानावर 'उत्कृष्ट'. मॅडमनी तिथल्या एका मुलीला बाहेर नेऊन वडापाव खिलवला आणि विचारलं, हे कधी भरून घेतलं? मुलगी सरळ होती. म्हणाली, "इंटर्नलचे मार्क लागायच्या आधी. सर सोता गोळा करीत होते." मग जरा थांबून म्हणाली, "पन मॅडम, सर लय चांगले हायत. त्यांच्यावर काय लिवू नका." मॅडमनी त्या सरांवर काही लिहिलं नाही. अभिप्राय केव्हा आणि कुणी गोळा करावेत यावर मात्र असं झणझणीत पान लिहिलं, की विद्यापीठानं ते सगळ्या कॉलेजांना पाठवलं.

त्या नुसत्या चुका काढत फिरायच्या असं कुणी समजू नये. वाणिज्य शाखेच्या एका सरांचा प्रकल्प अहवालावरून मी बाद धरला होता. चार पानांत सहा ठिकाणी एकच वाक्य. त्यांनी वर्गात खोटी मालवाहतूक कंपनी चालवली होती, मुलांनीच बिलं करायची, मुलांनीच भांडणं मिटवायची. त्यांची एक विद्यार्थिनी पळस्प्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागली होती. आम्ही तिथे गेलो. बाहेर ट्रकची रांग, आत फोन खणखणतायत, आणि ती पोरगी एका ड्रायव्हरला बिल कुठे चुकलंय ते समजावून सांगत होती. मॅडमनी विचारलं, "हे कुठं शिकलीस?" ती म्हणाली, "कॉलेजात. तिथं माझी कंपनी बुडाली होती ना!" आणि ती कशी बुडाली ते तिनं कामं बाजूला ठेवून, हातवारे करत सांगितलं. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "पयला नंबर. आणि त्या सरांना अहवाल लिहायला कुणीतरी शिकवा." ते कुणीतरी म्हणजे अर्थातच मी.

असं सगळं चाललं असताना यादीत एक प्रकल्प शिल्लक राहिला. तो घरत मॅडमचा स्वतःचा होता.

त्याचं सरकारी नाव मोठं होतं. कॉलेजात त्याला नुसतं 'शनिवार' म्हणत. आजूबाजूच्या गावांतून ज्या मुली पहिल्या वर्षाला यायच्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी शाळेत प्रयोगशाळा कुलपातच बघितलेली असायची. काचेची नळी हातात धरायची म्हणजे त्यांचे हात कापत. फुटली तर भरून द्यावी लागेल, ही धास्ती. अशा मुलींसाठी शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी असायची. फुटलं तर फुटलं, भरून द्यायचं नाही, हवा तितक्या वेळा प्रयोग करायचा. काचसामान आणि रसायनं अनुदानातून. मॅडम स्वतः दुपारभर तिथे असायच्या. मुली त्यांच्यावर जीव टाकायच्या आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत त्यांचे मार्क दृष्ट लागावी असे असायचे. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती. आपण गेल्यावर 'शनिवार' चालू राहावा, एवढी एकच इच्छा त्यांनी माझ्यापाशी कधी बोलून दाखवली होती. त्यासाठी योजनेत नूतनीकरण मिळणं आवश्यक होतं, आणि नूतनीकरण आमच्याच अहवालावर अवलंबून होतं.

"माझा प्रकल्प मी बघणार नाय," त्या म्हणाल्या. "तुमी बघा. जसे बाकीचे बघितले तसा. मी त्या दिवशी कॉलेजात पण येणार नाय."

मी खरं तर निर्धास्त होतो. वर्षापूर्वी 'शनिवार' केलेल्या मुली बोलावल्या, आणि शनिवारी कधीच न आलेल्याही बोलावल्या. प्रत्येकीसमोर आम्लाची एक बाटली ठेवली आणि सांगितलं, यात आम्ल किती आहे ते काढा. साधं टायट्रेशन. उभ्या काचनळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंब थेंब अल्कली सोडायचं आणि खालच्या चंबूत फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. पहिल्या वर्षाचा प्रयोग.

सगळ्यांनी ब्युरेट धरली. कुणाचेही हात कापत नव्हते. पण पहिला थेंब पडायच्या आधी 'शनिवार'च्या मुलींनी मान वळवली आणि दाराकडे बघितलं. मग उजवीकडे बघितलं, जिथे मॅडम उभ्या राहत. प्रणाली म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. तिचा रंग एकदम भडक आला, म्हणजे अल्कली जास्त पडलं होतं. ती चंबू हातात धरून तशीच उभी राहिली. मी विचारलं, आता काय करशील? ती म्हणाली, "मॅडम असल्या की येतं सर. मॅडम नळी हातात घेतात ना, मंग बरोबर येतं."

शनिवारी येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलींच्या उत्तरांत फरक शोधायला मला भिंग लागलं असतं.

मी अहवाल लिहायला बसलो तेव्हा माझ्यातला संख्याशास्त्रज्ञ आणि माझ्यातला माणूस यांचं जुंपलं. शेवटी दोघांनी तडजोड केली आणि मी लिहिलं, 'उपक्रमाचा दीर्घकालीन परिणाम काही अंशी मर्यादित आढळला.' हे वाक्य मॅडमच्या टेबलावर ठेवून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्यांनी वाचलं. मग मला जे झालं ते सगळं विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, दाराकडे वळलेल्या मानांसकट.

"पेन आण इकडं," त्या म्हणाल्या. माझ्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि 'काही अंशी मर्यादित आढळला' यावर रेघ मारली. तिथे लिहिलं, 'आढळला नाही'.

"मॅडम, मार्क तर चांगले आहेत—"

"वजन भरलं ते पाण्याचं, साने. पाणी मी होते." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. "पोरगी चुकायला लागली की मला बघवत नाय. लगेच घेते हातातून. ती चुकलीच नाय कधी माझ्यासमोर. मग शिकेल कधी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला या बाईचा त्या क्षणी जितका अभिमान वाटला, तितका माझ्या स्वतःच्या पदवीचाही कधी वाटला नव्हता.

प्राचार्यांनी अहवाल वाचला आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, आपलेच दात आणि आपलेच ओठ. जुने मार्क पाठवू ना! कोण बघतंय? तुमचा शनिवार बंद पडेल अशानं."

"त्या स्मार्ट बोर्डवाल्यांचं आपण बंद केलं," मॅडम म्हणाल्या. "लोक म्हणतील, गावभर कुसळं शोधत फिरली आणि घरातलं मुसळ पदराखाली झाकलं. नाय सर. अहवाल हाच जाणार. सोबत माझा अर्जपण जाणार. मला एक वर्ष पाहिजे. शनिवार तोच, मुली नव्या, आणि मी आत जाणार नाय. शेख मॅडम घेतील, त्यांना मी सांगीन काय करायचं नाय ते. वर्षानं परत तोला. तेव्हा पण काय नाय उरलं, तर मी सोता कुलूप लावीन."

विद्यापीठात आजवर कुणी स्वतःचा प्रकल्प फसला असं लिहून वर मुदत मागितली नसावी. त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी मुदत दिली.

ते मॅडमच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. शेख मॅडम तासिका तत्त्वावरच्या, नव्या, हसऱ्या. त्यांना घरत मॅडमनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "हात पाठीमागं बांधून फिरायचं. पोरींनी विचारलं 'बरोबर हाय का?' तर म्हणायचं, 'तू बघ.'" शेख मॅडम म्हणाल्या, "और गलत हुआ तो, मॅडम?"

"तर परत करायचं. शनिवार मोठा असतो."

आणि स्वतः त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. हातांचं काय करायचं हा प्रश्न होता, तो त्यांनी आपल्या परीने सोडवला. दर शनिवारी घरून मोड आलेले वाल घेऊन यायच्या. मांडीवर स्टीलचं पातेलं, आणि दुपारभर एकेक वाल बोटांत धरून सोलायच्या. आतून "अगं जास्त पडलं!" असा आवाज आला की वाल सोलण्याचा वेग वाढायचा. त्या वर्षी स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांनी इतकं बिरडं खाल्लं, की वाल म्हटलं तरी कानाला खडा लावायची वेळ आली. पण बिरडं एक नंबर असायचं, हेही नमूद केलं पाहिजे.

एकदा मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. आत काच फुटल्याचा आवाज झाला. मोठा. मॅडम उठल्या, बाकावरून पुरत्या उभ्या राहिल्या, पातेलं तिरकं होऊन चार वाल जमिनीवर सांडले.  मग शेख मॅडमचा आवाज, "लागलं नाही ना कुणाला? मग झाडू घ्या." मॅडम उभ्याच. मी बघत होतो, त्यांची नजर दाराच्या कडीवर खिळली होती. मग खाली बसल्या, सांडलेले वाल वेचले, फुंकर मारून पातेल्यात टाकले.

"साने," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवायला जेवढा जोर लागला नाय, तेवढा हे न करायला लागतोय."

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषणं झाली, शाल दिली. मॅडम भाषणात एवढंच म्हणाल्या, की तोलायचं अजून बाकी आहे.

पुढच्या वर्षी थंडीत, तो शनिवार होऊन वर्ष उलटलं तेव्हा, मी त्या मुलींना आणि शनिवारी न आलेल्यांनाही बोलावलं. नियमाप्रमाणे शेख मॅडमनाही त्या दिवशी सुट्टी दिली. घरत मॅडमना मी फक्त तारीख कळवली होती, या म्हटलं नव्हतं. सकाळी बघतो तर बाकावर पातेलं मांडीवर घेऊन हजर. चिरनेरहून पहिली गाडी पकडून आल्या होत्या. "मी काय आत येत नाय," त्या मला म्हणाल्या, जणू मीच त्यांना ओढून नेणार होतो.

तीच बाटली, तेच टायट्रेशन. मुलींनी ब्युरेट भरली. मी मानांकडे बघत होतो. दाराकडे एकही वळली नाही. कुणी पटकन केलं, कुणी चुकलं. 'शनिवार'च्या एका मुलीचा रंग भडक आला. तिनं चंबू उजेडाला धरला, स्वतःशीच "च्यक्" केलं, धुतला आणि पुन्हा मांडामांड केली. दुसऱ्यांदाही भडक. तिसऱ्यांदा तिनं थेंब सोडताना श्वास धरलेला मला दिसला. चंबूत फिकट, कोवळा गुलाबी रंग आला आणि टिकला. सगळ्याच मुलींना जमलं असं नाही, ते मी अहवालात लिहिलंच आहे. पण या वेळी फरक बघायला भिंग लागणार नव्हतं.

ती तिसऱ्यांदा करणारी मुलगी चंबू घेऊन तशीच बाहेर धावली. दर शनिवारी बाकावर वाल सोलणाऱ्या घरत मॅडम तिच्या ओळखीच्या होत्या. "मॅडम, बगा ना! बरोबर हाय का?"

मॅडमचा हात पातेल्यातून वर आला. बोटांना वालाची सालं चिकटलेली. मी दारात उभा होतो. हात अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा पातेल्यात गेला.

"तुला काय वाटतं?"

मुलीनं रंगाकडे बघितलं. "बरोबर हाय."

"मग मला कशाला विचारतेस? जा, आकडा लिही."

ती आत पळाली. वाल सोलून संपले होते, तरी बोटं पातेल्यात फिरत होती.

मी त्यांना स्टँडवर सोडतो म्हणालो. पार्किंगमध्ये आलो आणि स्कूटरनं आपलं जुनं व्रत पाळलं. एक किक, दुसरी, पाचवी. घाम फुटला. मॅडम शेजारी उभ्या. "आण—" त्या म्हणाल्या आणि ओठ मिटले. पातेलं छातीशी घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरलं, एक पाऊल मागे सरकल्या. मी किका मारत राहिलो. त्या थांबल्या, काही न सुचवता, गाडी चुकेल याची पर्वा न करता. शेवटी इंजिन खोकलं, आणि लागलं.

"जमलं की!" मॅडम म्हणाल्या, आणि मागच्या सीटवर बसल्या.